रक्त पिणाऱ्या भुतांची वर्गवारी करायला बसण्याआधी

लोकसाहित्याच्या अभ्यासात भुतांकडे वळणारे बहुतेक जण ‘व्हँपायर’च्या वाटेनं येतात. वेबसिरीज पाहिलेल्या असतात, इंटरनेटवरच्या याद्या वाचलेल्या असतात आणि वहीत देशवार रकाने पाडून झालेले असतात. फिलिपिन्स – मनानंगल, चीन – जिआंगशी, त्रिनिदाद – सुकुयांत, भारत – वेताळ. मी सोलापुरात राहून गेली काही वर्षं हाच उद्योग करते आहे. एम. ए. मराठीला लोकसाहित्याचा पेपर घेतलेली मुलं अधूनमधून विचारायला येतात, त्यांना पहिल्यांदा हे रकाने खोडायला सांगते. देश ही भुताची खूण नाही. एकाच देशात तीन जातींची भुतं नांदतात आणि एकच जात तीन खंडांत सापडते.

वर्गवारी भुताची करायची नाही, सांगितलेल्या हकिकतीची करायची. एक हकीकत, एक कार्ड. नाव तेच असलं तरी दुसऱ्या गावची हकीकत आली की दुसरं कार्ड.

कार्डावरचा पहिला प्रश्न: हे आधी कोण होतं? अमेरिकन लोकसाहित्य-अभ्यासक स्टिथ थॉम्प्सन यांची कथाघटकांची, म्हणजे लोककथांत पुन्हा पुन्हा येणाऱ्या गोष्टींची, सूची (सुधारित आवृत्ती १९५५–५८) उघडलीत की याचं उत्तर तीन कप्प्यांत विभागलेलं दिसतं. ‘ई’ विभाग मेलेल्यांचा. व्हँपायर तिथं ई २५१ या क्रमांकावर बसतो. ‘एफ’मध्ये कधी माणूस नसलेले आत्मे येतात, झोपेत छातीवर बसणारं भूत तिथं एफ ४७१ खाली मिळतं. ‘जी’मध्ये राक्षस आणि चेटकिणी. लोक एका दमात ज्यांना व्हँपायर म्हणतात, ते असे तीन दिशांना पांगतात. सर्बियातला कबरीतून उठणारा मेलेला माणूस ‘ई’त. मनानंगल मात्र मेलेली नाही. दिवसा ती शेजारीण असते, रात्री कमरेपासून तुटून वरचं धड पंखांनी उडतं आणि गरोदर बाईच्या घरावर जाऊन बसतं. सुकुयांतही जिवंत म्हातारी. कातडी काढून ठेवते आणि आगीचा गोळा होऊन फिरते. या दोघींची जागा ‘जी’त. मेसोपोटेमियातली लमाश्तू बाळंतिणीला आणि तान्ह्याला छळते, पण ती कधी बाई नव्हतीच, देवकुळातली होती.

दुसरा प्रश्न: ते नेतं काय? इथं नवख्यांचे हात सगळ्यांत जास्त घाईनं चालतात आणि प्रत्येक कार्डावर ‘रक्त’ लिहून मोकळे होतात. म्हणून ज्या प्रकरणांनी युरोपात ‘व्हँपायर’ हा शब्द गाजवला, तीच नीट वाचा. १७२५ साली सर्बियातल्या किसिल्येवो गावात पेटर ब्लागोयेविच मेल्यावर आठवडाभरात नऊ जण दगावले. मरणाऱ्यांनी काय सांगितलं? तो झोपेत अंगावर आडवा होऊन गळा दाबतो. रक्ताची गोष्ट आली ती कबर उघडल्यावर, प्रेताच्या तोंडाशी ताजं दिसणारं रक्त पाहून. म्हणजे पीडितांची साक्ष एक आणि कबरीपाशी उभ्या असलेल्यांचा निष्कर्ष दुसरा. दोन्ही कार्डावर हवेत, पण वेगवेगळ्या ओळींत. ऑस्ट्रियाच्या अमलाखाली तेव्हा तो मुलूख होता, म्हणून हे सगळं सरकारी कागदात उतरलं. व्हँपायर ठरवलेल्या अर्नोल्ड पाओले या गावकऱ्यावरचा १७३२चा अहवाल तर लष्करी वैद्यानं लिहिलेला आहे. पुढं १७५५मध्ये ऑस्ट्रियाची राणी मारिया तेरेसा हिनं प्रेतं उकरण्यावर बंदी घातली. जिआंगशी, म्हणजे चिनी कथांतलं ताठ उड्या मारत चालणारं प्रेत, माणसाची प्राणशक्ती ओढतो, रक्ताशी त्याचं फारसं देणंघेणं नाही. जर्मनीतला नाख्त्सेरर थडग्यात पडून स्वतःचं कफनच चघळतो आणि तेवढ्यानं बाहेरचे नातेवाईक झिजत जातात.

सिनेमाची खोड वेळीच काढा. उन्हात जळून मरणारा व्हँपायर १९२२च्या ‘नोस्फेरातू’ या मूकपटापासूनचा. १८९७च्या कादंबरीतला ड्रॅक्युला लंडनच्या रस्त्यावर दिवसाउजेडी फिरतो. सर्बियासारख्या बाल्कन मुलखातल्या खेड्यांतला तर फिकटही नसे. फुगलेला, लालबुंद असे, कारण कुजणारं प्रेत तसंच दिसतं. पॉर्फिरिया नावाच्या आजारामुळं ही समजूत आली, असं सांगणारे लेख अजून फिरतात. तो आजार उन्हाची भीती समजावून देतो आणि ती भीती मुळात सिनेमातली. कारणमीमांसेसाठी वेगळं पान ठेवा, कार्डावर ती नको.

मला स्वतःला सगळ्यांत श्रीमंत वाटतो तो उपायांचा रकाना. मनानंगलच्या मागं राहिलेल्या धडावर मीठ टाकतात, सुकुयांतच्या कातडीवरही मीठ. सुकुयांतला दारात तांदूळ पसरून ठेवले की ती दाणे मोजत बसते. पूर्व युरोपात खसखस किंवा बाजरीसारखे दाणे कबरीत टाकायचे. आपल्याकडं दृष्ट काढताना मीठ-मोहऱ्या. लगेच या सगळ्यांचं नातं जोडायला जाऊ नका, पण नोंद सोडूही नका.

आता गावातलं काम. सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी एकाच गल्लीत ऐकू येतात, हे फुकटचं भांडवल आहे. पूर्व भागात विड्या वळणाऱ्या बायकांमध्ये दुपारी जाऊन बसा, पण “आजी, ते रक्त पितं का?” असं विचारू नका. आजी भल्या असतात, ‘हो’ म्हणतात. “काय करतं ते?” एवढंच विचारा. मग ऐकायला मिळतं की पोर वाळत जातं, दूध तुटतं, ताप उतरत नाही. रक्ताचा थेंब नाही, तरी शोषण आहेच. बाळंतपणात गेलेल्या बाईची हडळ किंवा अळवंत होते, ही समजूत तुम्हाला माहीत असेल. मलायातली लांगसुइरही बाळंतपणात गेलेली बाई, आणि तिचा डोळा दुसऱ्यांच्या तान्ह्यांवर. ही दोन कार्डं शेजारी ठेवून बघा, देशांच्या रकान्यांत ती कधीच भेटली नसती.

एक पथ्य मात्र कडक पाळा. ‘जी’ कप्प्यातली हकीकत जिवंत शेजारणीबद्दल असू शकते. कुणी “ती पलीकडची चेटकीण आहे” म्हणालं, तर नाव, घर, जात यांतलं काहीही वहीत उतरवायचं नाही आणि रेकॉर्डिंग तिथंच थांबवायचं. कुणाला करणी करणारी ठरवून छळणं हा महाराष्ट्रात २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. तुमची वही उद्या कुणाच्या हाती पडेल, सांगता येत नाही. शोधनिबंधापेक्षा त्या बाईचं दार मोठं.

भारताच्या रकान्यात सगळे वेताळ लिहितात. तो प्रेतात शिरतो, झाडाला लटकतो, राजाला कोडी घालतो. प्रेत दुसऱ्याचं, आत शिरलेला वेगळाच, म्हणून ‘ई’ आणि ‘एफ’ दोन्हीकडं त्याचा एक पाय. शिवाय कोकणात, गोव्यात तो गावाचा राखणदार देव आहे, त्याची देवळं आहेत. माझ्याकडं त्याची कार्डं अजून दोन कप्प्यांत आहेत आणि तशीच राहू दे म्हणते.

तुम्ही पहिलं कार्ड पूतनेचं करा. याद्यांमध्ये ती क्वचित दिसते. भागवताच्या दहाव्या स्कंधात तिला सरळ ‘रुधिराशना’, रक्त खाणारी, म्हटलंय. आणि तिथं उलटंच घडतं, पिणारं मूल तिचा प्राण ओढून घेतं. सुश्रुतसंहितेत तीच पूतना नऊ बालग्रहांपैकी, म्हणजे लहान मुलांना पछाडणाऱ्या शक्तींपैकी, एक आहे: मुलाला जुलाब, उलटी, तहान, दिवसा झोप आणि रात्री जाग. एक नाव, दोन ग्रंथ, म्हणजे दोन कार्डं. ‘आधी कोण होतं’ आणि ‘काय नेतं’ या दोन ओळी दोन्हींवर भरून आणा, मग पुढचं बोलू.