कैगाबद्दल निवेदन लिहिताय? या चुका टाळा

गोव्याच्या काणकोणात कैगाच्या अणुवीज केंद्राचा विषय निघाला की निवेदनाचा मसुदा लगेच तयार होतो. प्रकल्प सीमेपलीकडे, कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्याच्या कारवार तालुक्यात, पण काळजी इकडेही आहे आणि ती रास्त आहे. म्हणूनच मागणी नेमकी हवी.

नेहमीची चूक म्हणजे ‘आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने कैगा बंद करावा’ असे लिहिणे. व्हिएन्नाच्या या संस्थेला (स्थापना १९५७) कुठलाही प्रकल्प बंद करण्याचा अधिकार नाही. सुरक्षेचे निकष ती घालून देते, जबाबदारी त्या त्या देशाची. आपल्याकडे परवाना देणारे आणि रोखणारे मुंबईचे अणुऊर्जा नियामक मंडळ. निवेदन तिकडे पाठवा.

दुसरी चूक जास्त खोल आहे. ‘आंतरराष्ट्रीय निरीक्षक येतात, म्हणजे सगळे सुरक्षित’ असे अनेकजण धरून चालतात. या संस्थेचे हे निरीक्षक इंधन बॉम्बकडे वळले नाही ना, एवढेच पाहतात. ते इंधनाची मोजदाद करतात, कॅमेऱ्यातले चित्रण तपासतात, सील पाहतात. धातूच्या सीलच्या आतल्या बाजूला ओरखडे असतात. सील काढून नेल्यावर ते ओरखडे आधीच्या फोटोशी ताडून पाहतात, म्हणजे सील बदलले असेल तर कळते. पाइपला तडा गेलाय का, हा त्यांचा प्रश्नच नव्हे. शिवाय नागरी आणि लष्करी अणुभट्ट्या वेगळ्या करण्याच्या २००६ च्या आराखड्यात भारताने २२ पैकी १४ अणुभट्ट्या या तपासणीखाली आणायचे ठरवले, त्यांत कैगाच्या १ ते ४ नाहीत. तेव्हा ‘निरीक्षकांचा कैगा अहवाल द्या’ ही मागणी फुकट जाते.

सुरक्षेची पाहणी करणारे या संस्थेचे पथक वेगळे असते, आणि ते सरकारने बोलावले तरच येते. राजस्थानच्या अणुवीज केंद्रात २०१२ साली असे पथक आले होते. ‘कैगासाठीही बोलवा’ ही मागणी मला सर्वांत मोलाची वाटते.

अण्वस्त्रप्रसारबंदी कराराची कलमे मात्र उद्धृत करू नका. भारताने त्यावर सहीच केलेली नाही. १९९४ च्या अणुसुरक्षा कराराला भारताने २००५ मध्ये मान्यता दिली आहे. त्याचे कलम १६ वाचा: किरणोत्सर्गाच्या आणीबाणीचा फटका बसू शकेल अशा लोकांना योग्य माहिती मिळावी, असे ते सांगते. काणकोणच्या लोकांना ती कोण आणि कशी देणार, हा प्रश्न याच कलमाच्या आधारे विचारा.

बातमीत ‘गळती’ दिसली की लगेच चेर्नोबिलचे नाव घेऊ नका. अणुघटनांच्या आंतरराष्ट्रीय मापनश्रेणीवर ती घटना ७ व्या, म्हणजे सर्वांत वरच्या पातळीची. आधी बातमीतल्या घटनेची पातळी विचारा.

निवेदनाची एक प्रत उत्तर कन्नडच्या जिल्हाधिकाऱ्यांना जाऊ द्या. प्रकल्पाबाहेरच्या आणीबाणीचा आराखडा जिल्हा प्रशासनाकडे असतो.