फायलींचा क्रम बिघडतो? या चुका टाळा

नागपूरच्या कळमना मार्केटमधल्या संत्रा अडत्याच्या कॉम्प्युटरवर ‘पावत्या’ हे फोल्डर उघडलं, तर बरेचदा अशी रांग दिसेल: ०५-११-२०२४, ०५-१२-२०२४, ०६-११-२०२४. नोव्हेंबरच्या दोन पावत्यांमध्ये डिसेंबरची घुसलेली. विंडोज इथे चुकत नाही. ते नाव डावीकडून वाचतं, त्यामुळे आधी दिवस जुळवतं आणि मग महिना. नाव २०२४-११-०५ असं, म्हणजे वर्ष-महिना-दिवस लिहिलं की रांग आपोआप लागते. महिन्याचं नाव अक्षरात लिहिणं तर त्याहून वाईट: एप्रिल वर जातो, जानेवारी खाली.

पण नावं बदलायच्या आधी एक गोष्ट तपासा. मधेमधे ‘टुडे’, ‘लास्ट वीक’ असे मथळे दिसतात का? मग बिघाड सॉर्टिंगचा, म्हणजे क्रम लावण्याचा नाही, ग्रुपिंगचा, म्हणजे गट पाडण्याचा आहे. डाउनलोड्स फोल्डरमध्ये ते आधीपासूनच चालू असतं. मोकळ्या जागेवर राइट क्लिक, ग्रुप बाय, नन. संपलं. लोक इथे तासभर सॉर्ट बाय बदलत बसतात.

एका फोल्डरची मांडणी सगळीकडे हवी असेल तर विंडोज ११ मध्ये वरच्या तीन टिंबांतून ऑप्शन्स, मग व्ह्यू टॅब, अप्लाय टू फोल्डर्स. तरीही काही फोल्डरं ऐकत नाहीत, कारण हा हुकूम त्याच प्रकारच्या फोल्डरांपुरता असतो. फोटो भरलेलं फोल्डर विंडोज ‘पिक्चर्स’ समजतं. त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये कस्टमाइझ टॅबवर जनरल आयटेम्स निवडा आणि खालच्या खुणेने सबफोल्डरांनाही लावा.

पेनड्राइव्हवरून कॉपी केलेल्या फाइलची ‘डेट क्रिएटेड’ कॉपीच्या दिवसाची होते, ‘डेट मॉडिफाइड’ मात्र जुनीच राहते. म्हणून जुनी बिलं शोधताना मॉडिफाइडवरच सॉर्ट करा. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून आलेल्या चित्रात ‘डेट टेकन’ सहसा उरतच नाही, त्या रकान्यावर विसंबू नका.

आता १, १०, २ हा जुना घोळ. एक्सप्लोररमध्ये, म्हणजे विंडोजच्या फोल्डर दाखवणाऱ्या खिडकीत, तो सहसा दिसत नाही, तिथे २ नंतर १० येतं. पण हाच संच सीताबर्डीच्या झेरॉक्सवाल्याकडे पीडीएफ जोडायला दिला, तर तिथलं सॉफ्टवेअर पान १ नंतर पान १० घेऊ शकतं. शंभरच्या आत पानं असतील तर ०१, शंभरपासून पुढे ००१ असे आकडे टाका, आणि ते इंग्रजी कळफलकावरचेच.

सगळ्या फायली निवडून एफ२ दाबलं की एकच नाव आणि कंसात १, २, ३ मिळतात. आकड्याआधीचं शून्य मात्र आपोआप येत नाही, आणि क्रम तेव्हा पडद्यावर जसा असेल तसा. आधी सॉर्ट करा, पहिल्या फाइलवर क्लिक करून शिफ्ट धरून शेवटचीवर क्लिक करा, नंतर पहिलीवर राइट क्लिक करून रिनेम. चुकलं तर लगेच कंट्रोल-झेड.