मान टाकलेल्या फुलझाडाला पाणी घालण्याआधी या चुका टाळा

गुलाबाने मान टाकली की माणसाचा हात आधी तांब्याकडे जातो. तोच हात आवरायचा.

पावसाळ्यात हा प्रकार ठरलेला. कुंडीखाली ताटली, बुडाचं भोक बुजलेलं, माती आठ दिवस गच्च. मातीतली हवा संपते, मुळं कुजतात आणि कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही. म्हणून झाड ओल्या मातीत उभं राहून तहानलेलं दिसतं. मालक आणखी पाणी ओततो, दोन दिवस वाट बघून वर मूठभर खत टाकतो. आठवड्यात खोड बुडाशी काळं पडतं आणि खापर फुटतं नर्सरीवाल्यावर.

बोट दोन पेरं मातीत खुपसा. ओल लागली तर पाणी बंद, ताटली काढा, भोक मोकळं करा. तरीही झाड उभारी धरत नसेल तर मातीचा गोळा कुंडीतून अलगद बाहेर काढून मुळं बघा. निरोगी मुळं फिकट आणि टणक असतात. कुजलेली गडद, बुळबुळीत, कुबट वासाची. ती स्वच्छ कात्रीने जिवंत भागापर्यंत कापा. जेवढी मुळं गेली त्या मानाने शेंडेही छाटा. दोन भाग माती, एक भाग जाडी वाळू घेऊन पुन्हा लावा, एकदाच पाणी द्या आणि दहा दिवस सावलीत ठेवा. खत नवी पालवी आल्यावर. ज्यांना रोज काहीतरी घातल्याशिवाय चैन पडत नाही, त्यांनी हे दहा दिवस कुंडीकडे न फिरकलेलंच बरं.

दुसरी चूक म्हणजे पान पिवळं दिसलं की एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, घालायचं. अहो, कुठलं पान ते तरी बघा! खालची जुनी पानं सरसकट पिवळी पडत असतील तर बहुधा नत्र कमी. जुन्याच पानांत शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर मॅग्नेशियम. एप्सम सॉल्टचं काम एवढंच. तीच खूण शेंड्याच्या कोवळ्या पानांवर असेल तर लोह. बोअरच्या जड पाण्यावर वाढणाऱ्या जास्वंदीत हे नेहमी दिसतं, कारण माती अल्कधर्मी झाली की असलेलं लोहही मुळांना मिळत नाही. गंजके खिळे पुरून म्हणूनच काही होत नाही. चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं लोह, लिटरला अर्धा ग्रॅम, संध्याकाळी पानांवर फवारा.

जास्वंदीवर पांढरा कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण. आधी पाण्याच्या जोरदार धारेने धुवा, मग लिटरला 5 मिली निंबोळी तेल आणि थोडा पातळ साबण. दर आठवड्याला, तीनदा. एका फवारणीत काम संपलं असं समजू नका. मुंग्यांची रांगही तोडा, त्याच या किडीची राखण करतात.

कलमी गुलाबाच्या डोळ्याखालून, म्हणजे कलमाच्या जोडाखालून, जोमाने निघणारा फुटवा रानटी असतो. कौतुक न करता तो फुटवा जिथून निघाला तिथूनच उपटा.

मोगऱ्याला फुलं येत नाहीत म्हणून खत वाढवू नका. सहा तास ऊन मिळतंय का बघा. मिळत नसेल तर कुंडी हलवा, तेही जमत नसेल तर उन्हाची गच्ची असलेल्या शेजाऱ्याला देऊन टाका.