माथेरानला मुलांना शेकरू दाखवायचंय?

हॉटेलची निसर्गफेरी असेल तर खोली ठरवतानाच विचारा, सकाळी किती वाजता निघता? नाश्ता उरकून दहाला निघणारी फेरी मुलांसाठी घेऊ नका. शेकरू हमखास हालचाल करतं ते सकाळी लवकर आणि उन्हं उतरल्यावर. दस्तुरी नाक्यापुढे खासगी गाड्यांना बंदी असल्याने लाल मातीच्या वाटेवर छान शांतता असते. मुलांना एका झाडाखाली दहा मिनिटं गप्प बसवा. उंच फांदीच्या टोकाला काटक्या-पानांचा मोठा गोळा दिसला, की ते शेकरूचं घरटं समजा. एकच शेकरू अशी बरीच बांधतं. खाली कुरतडलेली फळं पडलीत का, हे मुलांनाच शोधू द्या, फार रमतात. खाऊची पिशवी मात्र हातात नको, माकडं थेट हिसकावतात.