बायकोचे वडील गेल्यावर

रक्षाविसर्जन झालं की पाहुणे खानापूर, निपाणी, चंदगडला परततात आणि घर एकदम रिकामं होतं. खरी गरज तेव्हा लागते. ‘काय करू सांग’ असं विचारू नका, ठरवायचं ओझं तिच्यावरच पडतं. आमटी-भाताचं ताट समोर ठेवा, चार घास गेले तरी पुरे.

मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत करायची असते, ती धावपळ तुम्ही घ्या. कर्नाटकात दाखला कन्नड आणि इंग्रजीत मिळतो. नावाचं स्पेलिंग आधार कार्डाशी तिथंच जुळवा, नाहीतर बँकेत अडतं आणि तिला तेच तेच पुन्हा सांगावं लागतं.

चष्मा, धोतर, काठी आवरायची घाई नको. ‘वय झालं होतं’ हे तर म्हणूच नका. रात्री दोनला ती बाबांबद्दल बोलायला लागली, तर उठून बसा, ऐका.