जपानी निसर्गप्रिंट घ्यायचंय? चित्र बघा, पण कागद आधी बघा

नवीन लोक पहिल्यांदा विचारतात की होकुसाई घेऊ का हिरोशिगे, म्हणजे लाकडी ठोकळ्यांवरून छापलेल्या जपानी निसर्गचित्रांचे दोन जुने मोठे चित्रकार. माझं मत विचाराल तर नाव नंतर ठरवा, आधी एकच चित्र निवडा आणि त्याच्या मिळतील तेवढ्या प्रती शेजारी शेजारी लावून बघा, मोठ्या म्युझियम्सचे फोटो ऑनलाइन फुकट आहेत. हिरोशिगेचं 'कांबारा' घ्या, तोकाइदो या जुन्या रस्त्यावरच्या मुक्कामांच्या मालिकेतलं, 1833-34 च्या आसपासचं, बर्फातलं रात्रीचं गाव. काही प्रतींत आभाळ वरच्या कडेला काळं आहे, काहींत खाली डोंगरांजवळ काळं, आणि तेवढ्यानेच रात्र वेगळी वाटते! ही रंगाची उतरती छटा म्हणजे बोकाशी, छापणारा ओल्या ठोकळ्यावर प्रत्येक वेळी हाताने रंग पुसून ती आणतो, म्हणून दोन प्रती तंतोतंत सारख्या नसतातच. चित्रकार, कोरणारा, छापणारा, प्रकाशक, असे चौघे लागतात एका प्रिंटला.

आता प्रत हातात आली की उलटी करा. खरंच, मागची बाजू जास्त बोलते. रंग कागदात मुरून मागे दिसतो, बारेन, म्हणजे कागद ठोकळ्यावर दाबायची गोल गादी, घासल्याच्या गोल खुणा दिसतात. मग भिंगातून पुढची बाजू बघा, बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर ते मशीनवर छापलेलं आहे, विषय संपला. ठिपके नसले तरी घाई नको, कारण जुन्या चित्रांचे ठोकळे नव्याने कोरून हातानेच छापलेल्या प्रतीही भरपूर आहेत. त्या वाईट नाहीत, सुरुवातीला मी तर त्याच घ्यायला सांगेन, फक्त जुन्या म्हणून जुन्याच्या भावात घेऊ नका. आणि समास कापलाय का, मधे घडी आहे का, मागे काही चिकटवलंय का, हे विचाराच.

विसाव्या शतकातलं शिन-हांगा, म्हणजे त्याच जुन्या पद्धतीने छापलेली नवी चित्रं, मला जास्त जवळचं. त्यातल्या कावासे हासुई या चित्रकाराचा पाऊस आणि बर्फ बघून घ्या एकदा. त्याचे प्रकाशक वातानाबे, त्यांचे ठोकळे आणि साठा 1923 च्या भूकंपानंतरच्या आगीत जळाला, म्हणून त्याआधीच्या प्रती दुर्मिळ आणि महाग. वातानाबेंचे शिक्के काळानुसार बदलत गेले, त्यावरून प्रत कधीची ते बऱ्यापैकी कळतं, तेव्हा शिक्क्याचा क्लोजअप फोटो मागितल्याशिवाय पैसे देऊ नका. योशिदा हिरोशी या दुसऱ्या शिन-हांगा चित्रकाराच्या बाबतीत डाव्या समासातला 'जिझुरी' शिक्का शोधा, म्हणजे छपाई त्याच्या स्वतःच्या देखरेखीखाली झालीय. तेच ठोकळे वापरून नुसते रंग बदलून त्याने शिडाच्या होड्यांची सकाळ, दुपार, संध्याकाळ छापली! ताजमहाल आणि वेरूळपण केलंय त्याने.

घरी आणल्यावर उजेड हा मोठा शत्रू, जुने रंग उडतात आणि परत येत नाहीत. थेट ऊन नको, यूव्ही काच लावा, माउंट, म्हणजे चित्राभोवतीचा पुठ्ठा, ॲसिड-फ्री हवा आणि प्रिंट काचेला टेकता कामा नये. सेलोटेप, डिंक काहीही लावू नका, पातळ जपानी कागदाच्या बिजागऱ्या वरच्या कडेला पुरतात. काही महिने भिंतीवर ठेवा, मग सपाट फोल्डरमध्ये ठेवून दुसरं लावा.