हाडासकट कोटलेट, तेही तुपात

आमच्या वसईकडे पोर्क म्हटलं की व्हिनेगर, लसूण आणि बॉटल मसाला. त्याच सवयीने स्टुटगार्टला आल्यावर पहिलं जर्मन कोटलेट केलं, तेव्हा आलं-लसूण चोळून रात्रभर मुरवलं. तळायला टाकलं आणि चुऱ्याचं कवच एकीकडे, मांस दुसरीकडे! ओल्या मांसावर पीठ धरत नाही, हे शेजारच्या आजींनी सांगितलं. पुढचं सगळं त्यांच्याकडूनच शिकले.

चौघांसाठी चार कोटलेट. मेट्सगरकडे, म्हणजे खाटकाकडे, ‘श्टीलकोटलेट’ मागायचं: बरगडीच्या हाडासकटचा, दीड सेंटिमीटर जाड तुकडा. रविवारच्या जेवणासाठी शनिवारीच आणून ठेवा, रविवारी दुकानं बंद. हाड नको असेल तर श्निट्झेल करा, पण मुलांना चोखायला हाड मिळणार नाही. आपलं बटाट्याचं कटलेट आणि हे कोटलेट, दोन्ही शब्द बरगडीच्या एकाच फ्रेंच नावावरून आलेत. आपण बरगडी काढून बटाटा घातला, इतकंच.

मांस अर्धा तास आधी फ्रिजमधून काढून कागदाने चांगलं टिपून घ्यायचं. कडेच्या चरबीला तीन-चार चिरा द्या, नाहीतर तुकडा वाटीसारखा वळतो आणि मधला भाग तुपाला टेकतच नाही. बत्त्याने हलकं ठोकून सेंटिमीटरभर जाडीचं करा. मीठ, मिरी, थोडी गोड पापरिका. बास. हात शिवशिवतो, पण हळद नाही.

तीन पसरट ताटल्या लागतात. पहिलीत मैदा. दुसरीत दोन अंडी, चमचाभर दूध आणि चमचाभर सेन्फ, म्हणजे इथली मोहरीची पेस्ट. तिसरीत पावाचा चुरा. दोन-तीन दिवसांचे कडक झालेले पाव किसले की पाकिटातल्या चुऱ्यापेक्षा कितीतरी बरा चुरा होतो. मी एकदा रवा वापरून पाहिला. बोंबिलाला उत्तम, इथे नुसती कचकच. मैदा झटकून टाकायचा, अंडं निथळू द्यायचं आणि चुरा दाबायचा नाही. दाबलात तर कवच फुगणार नाही. आणि घोळवलं की लगेच तळायचं. पाहुणे येणार म्हणून मी एकदा सकाळीच घोळवून ठेवलं होतं, संध्याकाळपर्यंत सगळ्याचा लगदा.

आता बुटरश्माल्त्स. डबा उघडून वास घेतला तेव्हा मी मोठ्याने हसले होते, कारण ते आपलं तूपच! तव्यात बोटभर नाही, पण सेंटिमीटरभर तरी खोल हवं. चुऱ्याचा कण टाकल्यावर लगेच फसफसला की तापलं. थर्मामीटरवर साधारण 170 अंश. एका वेळी दोनच तुकडे, प्रत्येक बाजूने चार-पाच मिनिटं. मधूनमधून तवा जपून गोल हलवा, गरम तूप वरूनही जातं आणि कवच मांसापासून सुटून लाटांसारखं फुगतं. हाडालगतचं मांस सर्वांत उशिरा शिजतं, म्हणून तपासायचं ते तिथेच; आत 65 अंश झाले की काढते. जाळीवर ठेवा, झाकू नका.

सोबत श्वाबेन भागातलं बटाट्याचं सॅलड, त्यात मेयॉनेज नाही. न फुटणारे बटाटे उकडून गरम असतानाच सोलून काप करा, त्यावर बारीक कांदा, कडकडीत ब्रॉथ, व्हिनेगर, सेन्फ, शेवटी तेल. अर्धा तास मुरलं की चमच्याने ढवळताना पचपच आवाज यायला हवा. इथले लोक त्याला ‘श्लोन्त्सिग’ म्हणतात. कोरडं झालं तर आजी ताट बाजूला सारतात.

लिंबाची फोड ज्याची त्याने पिळायची, आधी नाही. वसईहून आई आली की ती लिंबाला हात लावत नाही. व्हिनेगरातली मिरची घेऊन बसते, आणि आता आजीही तिच्याकडे एक मागतात.